बऱ्हाणपूरची वीज आणि घरातले गाणे

सोळाव्या शतकात, फारुकी सुलतानांच्या अमदानीत, कर्नाटकातून निघालेला पुंडरीक विठ्ठल नावाचा एक पंडित तापीकाठच्या बऱ्हाणपूर नगराच्या आश्रयास आला, आणि रागांची मेळवार व्यवस्था कशी लावावी, वीणेच्या दांडीवर पडदे नेमके कोठे बांधावेत, या प्रश्नांचा ऊहापोह करणारा ‘सद्रागचंद्रोदय’ हा संस्कृत ग्रंथ त्याने बुऱ्हाणखान फारुकीच्या पदरी असताना सिद्ध केला. पुढे तो कछवाहा राजपुरुषांच्या दरबारी गेला, तेथे त्याने आणखी ग्रंथ लिहिले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी मध्ययुगीन संगीतग्रंथांची झडती घेतली तेव्हा या ग्रंथाचीही त्यांनी कसून चिकित्सा केली. पडदा जवभर सरकला की स्वराची जात बदलते, हे ज्या गावात चारशेहून अधिक वर्षांपूर्वी कोणा विद्वानाला ग्रंथ लिहिण्याइतके महत्त्वाचे वाटले, त्याच गावातील काही मोजक्या घरांत आज तशाच चिकाटीने एक वाद चालतो. मात्र वादाचा विषय वीणेचा पडदा नसून, अँप्लिफायरला वीज पुरविणाऱ्या दोरीच्या टोकाला कोणत्या धातूची पिन असावी, हा आहे.

बऱ्हाणपूर हे मराठी वाचकाला इतिहासाच्या पुस्तकातून ठाऊक असते. मुमताजमहल 1631 साली येथे वारली, मिर्झाराजे जयसिंगांचा अंत 1667 साली येथेच झाला, उदगीरच्या लढाईनंतर 1760 साली हे शहर असीरगडासह निजामाकडून पेशव्यांकडे आले, पुढे शिंद्यांच्या अमलाखाली राहून 1860 च्या सुमारास इंग्रजांच्या दप्तरी रुजू झाले; आणि 1956 च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्याकडे गेला तरी निमाड मात्र मध्य प्रदेशातच राहिले, म्हणून बऱ्हाणपूरही राहिले. 2003 साली ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे झाले. पण सरहद्द कागदावर कोठेही ओढली असली तरी रावेर-मुक्ताईनगरचा शेतकरी येथल्या बाजारात केळीचा भाव विचारतो तो मराठीतच, आणि जुन्या पेठांतील कित्येक घरांत अजूनही सोयरीक जळगाव-भुसावळकडे होते, पंचांग मराठी असते आणि दिवाळी अंकही मुंबई-पुण्याहून मागविला जातो. या घरांचा कान कसा घडला हे सांगायचे तर आधी रेडिओ सिलोन आणि मग विविध भारती, खांडव्याच्या किशोरकुमाराचा सार्थ अभिमान, आणि उत्तरेस इंदूर-देवासच्या दिशेने येणारा अमीर खाँसाहेब व कुमार गंधर्व यांचा प्रभाव, एवढी नोंद पुरेशी आहे. माळव्यातील मैफलीला जाऊन आलेले वडील आणि त्यांनी आणलेल्या तबकड्या, हा वारसा ज्यांना मिळाला त्यांच्यापैकीच काहींनी पुढे चांगली यंत्रणा जमविली: फिरती तबकडी, अँप्लिफायर, दोन उंच स्पीकर, आणि यंत्रणा जमली की माणूस जेथे नेहमी जाऊन पोहोचतो तेथे, म्हणजे तारांच्या आणि पिनांच्या प्रश्नापाशी, हेही पोहोचले.

ज्यांना हा प्रश्न परका आहे त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. अँप्लिफायरच्या पाठीमागे वीज घेणारी तीन पात्यांची एक खोबण असते. कॉम्प्युटरच्या मागे असते तीच. तिच्यात बसणाऱ्या तोंडाला आंतरराष्ट्रीय मानकात ‘सी-13’ म्हणतात आणि त्याची मर्यादा 10 अँपिअरची असते. दोरीच्या दुसऱ्या टोकाला भिंतीवरच्या बोर्डात खोचायचा पिनटॉप. ही दोन टोके साध्या कारखानदारीत पितळेची, वर निकेलचा पातळ मुलामा दिलेली असतात आणि शे-दोनशे रुपयांत मिळतात. परंतु जपानातील फुरुटेक किंवा ओयाइदे यांच्यासारख्या कंपन्या शुद्ध तांब्याची किंवा फॉस्फर ब्राँझची, सोन्याचा, चांदीचा किंवा रोडियमचा मुलामा दिलेली, अतिशय देखणी टोके बनवितात, काही तर धातू अतिशीत करून आणि त्यातील चुंबकत्व उतरवून मगच विक्रीस काढतात, आणि अशा एका जोडीला काही हजारांपासून कित्येक दहा हजारांपर्यंत मोल पडते. शौकिनांत त्यांचे गुणधर्म जवळजवळ नाडीपरीक्षेच्या भाषेत सांगितले जातात: सोने ऊबदार, गळा भरून देणारे, रोडियम स्वच्छ, झांजेला धार आणणारे, पण जात्याच थोडे कोरडे, चांदी पारदर्शक, नुसते तांबे सगळ्यांत प्रामाणिक. वरच्या टोकाला एक आणि खालच्या टोकाला दुसरे अशी मिश्रणे करून ज्याने त्याने आपल्या यंत्रणेचा ‘सूर लावून’ घ्यावा, असा या पंथाचा उपदेश आहे.

शिकारपुऱ्याकडच्या ज्या वृद्ध गृहस्थांच्या दिवाणखान्यात मी हा उपदेश प्रत्यक्ष आचरणात आणलेला पाहिला, ते आयुष्यभर कापसाच्या व्यापारात राहिलेले असल्याने भाव आणि माल यांतला फरक ओळखणारे आहेत. त्यांना सगळे दादासाहेब म्हणतात. टेबलावर मखमलीच्या घडीत ठेवलेली रोडियमची जोडी त्यांनी मला दाखविली, तेव्हा तिच्या आरशासारख्या पृष्ठभागावर खिडकीचे गज स्पष्ट उमटलेले दिसत होते. कोणाही माणसाला ती वस्तू घ्यावीशी वाटावी अशीच ती होती. “पिढीजात व्यापारी आहे मी,” ते म्हणाले, “फरक पडत नसता तर एवढे पैसे घातले असते का?” या युक्तिवादाला उत्तर देणे अवघड असते, कारण त्यात पैसा हाच पुरावा म्हणून पुढे केलेला असतो.

मुलाम्याची महती या गावाला नवी नाही. मोगल काळापासून बऱ्हाणपूर कलाबतूसाठी प्रसिद्ध होते. चांदीच्या पाशावर सोन्याचा पत्रा चढवून, तो पासा तापवून, पोलादी जंत्रीच्या क्रमाने लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढत ओढत केसासारखी तार काढायची, ती चापट करायची आणि रेशमावर गुंडाळायची, हा धंदा येथे पिढ्यान्‌पिढ्या चालला. सतराव्या शतकात येथून गेलेल्या तावर्निये या फ्रेंच जवाहिऱ्यानेही येथील जरीच्या आणि तलम वस्त्रांच्या व्यापाराची नोंद केली आहे. मैलोगणती लांब ओढल्यावरही वरचे सोने आतल्या चांदीला सोडत नाही, याचे नवल आजही वाटते. पण त्या तारकसांना एक गोष्ट नीट ठाऊक होती की सोने वर चढवायचे ते चांदी काळी पडू नये आणि चमक टिकावी म्हणून. कापडाचा धागा त्यामुळे बळकट होत नाही. पिनेच्या मुलाम्याचेही नेमके तसेच आहे. सोने गंजत नाही, रोडियम गंजत नाही आणि शिवाय कमालीचे कठीण असल्याने घासून उडत नाही. चांदी मात्र हवेतील गंधकाने काळवंडते. वाहकतेच्या दृष्टीने पाहाल तर चांदी तांब्याहून किंचित सरस, सोने तांब्याच्या सुमारे सत्तर टक्के, रोडियम निम्म्याहूनही कमी, आणि आपले गरीब पितळ चतुर्थांशाच्या आसपास. म्हणजे जे रोडियम सर्वांत महाग विकले जाते ते वीज वाहण्याच्या कामात तांब्याच्या पासंगालाही पुरत नाही. त्याचा गुण टिकाऊपणाचा आहे, आणि तो खरा गुण आहे.

आता थोडा हिशेब मांडतो. वाचकाने कंटाळू नये. आपल्याकडच्या 6 अँपिअरच्या पिनटॉपातील फेजची पिन सुमारे 5 मिलिमीटर जाडीची आणि 15 मिलिमीटर लांबीची असते. ती पितळेची असली तर तिचा रोध एका ओहमच्या बावीस हजाराव्या भागाइतका भरतो आणि शुद्ध तांब्याची असली तर ऐंशी हजाराव्या भागाइतका. दोघींत फरक आहे, तो मोजताही येईल. पण मीटरपासून दिवाणखान्यापर्यंत 20 मीटर अंतर आणि भिंतीतून 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार गेली आहे असे धरले, तर जाण्या-येण्याचा मिळून रोध एका ओहमच्या तीन दशांशाइतका होतो. आणि मग पितळ काढून तांबे घातल्याने साधलेली सुधारणा ही त्या तारेच्या रोधाच्या नऊ-दहा हजारांतील एक हिस्सा ठरते. मीटरच्या पलीकडची सर्व्हिस वायर, खांबावरची अल्युमिनियमची तार आणि चौकातील डीपी हे सगळे आणखी बाहेरच राहिले. अँप्लिफायर वीज सरळ धारेने पीत नाही; रेक्टिफायरमागचे कपॅसिटर सेकंदाला शंभर वेळा लहरीच्या माथ्यापाशी घोट घेतात, म्हणून क्षणभर 10 अँपिअरसुद्धा खेचले जातात. तो घोटही हिशेबात घेतला तरी दोन पिनांतील फरक एका व्होल्टच्या तीन हजाराव्या भागाइतकाच पडतो, आणि तोही 230 व्होल्टांत.

दादासाहेबांचे यावरचे उत्तर ठरलेले आहे आणि ते बऱ्हाणपुरी आहे. गावाच्या वायव्येस सातपुड्याच्या पायथ्यापासून भूगर्भातून पाणी आणणारा कुंडी भंडारा आहे. अब्दुर्रहीम खानखानानच्या काळात, 1615 साली, तबकुतुल अर्ज या इराणी भूतज्ज्ञाने तो आखला असे सांगतात, आणि उभ्या विहिरींसारख्या कुंड्यांच्या ओळीतून, त्या सगळ्यांना जोडणाऱ्या भुयारातून, केवळ उताराच्या बळावर ते पाणी वाहत येते. “सगळ्या कुंड्या स्वच्छ असल्या आणि शेवटच्या कुंडीत गाळ असला तर घागरीत काय येईल?” असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न मार्मिक आहे. परंतु पाण्याची उपमा एका ठिकाणी फसते: पाणी जे मिसळेल ते घेऊन पुढे जाते, आणि विजेच्या बाबतीत पितळेच्या पिनेतून गेलेल्या प्रवाहात पितळेचा अंश उतरत नाही. अँप्लिफायर आत घेतलेली सगळी वीज रोहित्रातून, रेक्टिफायरमधून आणि मोठ्या कपॅसिटरांतून नेऊन तिचा स्थिर दाब बनवितो. संगीत त्या साठ्यातून घडते. शेवटच्या कुंडीत गाळ नाहीच असे मात्र मी म्हणणार नाही. गाळ असतो, आणि तो कोठे असतो ते पुढे सांगतो.

जगात या वादाने काय काय रूपे घेतली याची हकीकत करमणुकीची आहे. जपानात पूर्वेकडे विजेची कंपनसंख्या 50 आणि पश्चिमेकडे 60, दाब मात्र सर्वत्र 100 व्होल्ट. तेव्हा टोकियोचा सूर चांगला की ओसाकाचा, याचाही तेथे पक्ष-प्रतिपक्ष आहे, आणि काही हौशी श्रोत्यांनी तर शेजाऱ्यांच्या यंत्रांची बाधा नको म्हणून घरासमोर स्वतःच्या मालकीचा विजेचा खांब आणि त्यावर स्वतःचे रोहित्र उभारून घेतल्याची वार्ता 2016 साली अमेरिकेतील एका मोठ्या वृत्तपत्राने छापली होती. उलट बाजूस, 2004 च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियातील श्रवणशौकिनांच्या एका मंडळाने महागडी वीजदोरी आणि यंत्रासोबत येणारी फुकटची दोरी आडपडद्याने बदलून श्रोत्यांची परीक्षा घेतली. नाणेफेकीवर अवलंबून राहिले असते तरी पडला असता तितकाच, म्हणजे 49 टक्के, बरोबर उत्तरांचा निकाल आला. ते श्रोते अश्रद्ध नव्हते. बहुतेक जण फरक ऐकू येतो अशाच श्रद्धेचे होते.

मला या निकालाचे आश्चर्य वाटत नाही, पण त्यावरून शौकिनांची थट्टा करणाऱ्यांचेही मला आश्चर्य वाटते. कान खोटे बोलत नाही. त्याला डोळा आणि खिसा साक्षीला आलेले असतात इतकेच. आणि दुसरे असे की वीजदोरी बदलल्यावर आवाज खरोखर सुधारल्याच्या ज्या तक्रारी, नव्हे, ज्या खुशखबरी या गावात मी ऐकल्या, त्यांतील काही शंभर टक्के खऱ्या निघाल्या. फक्त कारण मुलाम्याचे नव्हते.

कारण कोठे होते हे दाखविण्याचे काम शनवाऱ्यातील एका वीजमिस्त्रीने केले. यंत्रमागांच्या मोटरी दुरुस्त करण्यात ज्याचे केस पांढरे झाले असा हा मनुष्य दादासाहेबांच्या घरी आला, रोडियमच्या जोडीकडे त्याने आदराने पाहिले, आणि मग खुर्ची ओढून भिंतीवरच्या जुन्या बोर्डासमोर बसला. “दादासाहेब, पाव्हणा सोन्याचा हाये, पण ओसरी मोडकी हाये तुमची,” असे म्हणत त्याने सॉकेट उघडले. आतील पितळी बाहू वर्षानुवर्षांच्या खोचाखोचीने फाकलेले, फेजच्या बाजूचा बाहू काळा पडलेला, आणि ज्या स्क्रूखाली तार दाबली होती तो स्क्रू बोटानेही फिरत होता. जुन्या पिनटॉपची पिन त्याने माझ्या हातात दिली. तिच्या मधोमध उभी फट होती. पूर्वीच्या पिनांना ती असेच, आणि पकड ढिली झाली की फटीत पेचकसाचे टोक घालून पिन जराशी फाकवायची, हा घरोघरीचा उपाय होता. त्या पिनेच्या एकाच अंगाला, करवतीच्या पात्याएवढ्या रुंदीचा, जळका तपकिरी पट्टा उमटला होता. म्हणजे सगळ्या पृष्ठभागाऐवजी तेवढ्याच रेघेवरून सारा प्रवाह ये-जा करीत होता, आणि मधूनमधून ठिणगीच्या रूपाने उडीही मारीत होता. अशा ढिल्या स्पर्शाचा रोध पिनेच्या धातूच्या रोधाहून हजारो पट होऊ शकतो, शिवाय तो क्षणोक्षणी बदलतो, आणि ठिणगी पडली की तिची कर्कश खरखर तारेवाटे सर्व यंत्रांत पसरते. नवी महागडी दोरी खोचणारा मनुष्य जुनी काढतो, नवी जोर लावून बसवितो, आणि त्या एका हालचालीने काळे झालेले पितळ घासले जाऊन स्वच्छ होते! आवाज सुधारतो. श्रेय रोडियमला मिळते.

पिनटॉपच्या आतही त्याने तसाच एक प्रकार दाखविला. झाकण उघडल्यावर तारेचे बारीक तंतू पिळून स्क्रूभोवती गुंडाळलेले होते, पण त्यांतील निम्मे स्क्रूच्या दाबाने कापले गेले होते आणि दोन-चार तंतू बाहेर मिशीसारखे आले होते. तारेला आवर देणारी पट्टी, जिच्यामुळे दोरी ओढली तरी ताण स्क्रूवर येत नाही, ती बसविण्याची तसदी कोणी घेतलीच नव्हती. मिस्त्रीने तंतू सोलून, त्यांना तांब्याचा लग चढवून पक्कडीने दाबला, तो पिनेच्या छिद्रात घालून स्क्रू कसला, पट्टी लावली आणि दोरी दोन हातांनी ओढून पाहिली. या सगळ्याला चहा निवण्याइतकाच वेळ लागला.

आणि मग आला अर्थिंगचा प्रश्न, जो माझ्या मते या सबंध विषयाचा गाभा आहे आणि ज्याला या पंथाच्या गप्पांत सर्वांत कमी जागा मिळते. आधुनिक यंत्रांच्या वीजप्रवेशापाशी अनेकदा एक गाळणी असते. तिच्यातील लहान कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींपासून यंत्राच्या धातूच्या कवचाला जोडलेले असतात, जेणेकरून बाहेरची खरखर जमिनीत उतरावी. पण घराला अर्थिंग नसेल, किंवा बोर्डाच्या तिसऱ्या भोकामागे तारच नसेल (आणि जुन्या पेठांतील किती बोर्डांत ती असते हे मिस्त्री लोकांना विचारावे), तर ते कवच अधांतरी राहते आणि त्यावर निम्मा, म्हणजे 115 व्होल्टच्या आसपासचा दाब येऊन बसतो. त्यातून मिळणारा प्रवाह अत्यल्प असल्याने बहुधा इजा होत नाही. पण हाताची पाठ अँप्लिफायरच्या कडेवरून हळूच फिरविली तर बोटांना झिणझिण्या येतात आणि टेस्टर अर्धवट उजळतो. दादासाहेबांच्या यंत्रावर टेस्टर तसाच मंद पेटला होता. अशी दोन यंत्रे तारांनी जोडली की तो गळका प्रवाह संगीताच्या तारेतून वाट काढतो आणि स्पीकरमधून घुमा येतो. दुसरा प्रकार याच्या उलट: एकाऐवजी दोन ठिकाणी अर्थ मिळाला की फेरा तयार होतो, आणि छतावरून येणाऱ्या टीव्हीच्या केबलच्या जाळीमुळे तो हमखास होतो. केबल उपसून काढली की घुमा थांबतो. हा प्रयोग फुकट आहे, आणि ज्याला कोणाला आवाजातील घुम्याचा त्रास असेल त्याने पिना विकत घेण्यापूर्वी तो अवश्य करावा.

आयात केलेल्या टोकांचा धोका येथेच उद्भवतो, म्हणून त्याविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे. आपला गोल तीन पिनांचा टॉप हा मूळचा इंग्रजांचा. 1934 साली त्यांनी प्रमाणित केलेल्या आकाराचाच वारसा भारतीय मानक 1293 ने चालविला, पूर्वीचे 5 आणि 15 अँपिअर आज 6 आणि 16 झाले, पण पिनांची मापे जवळजवळ तीच राहिली. खुद्द इंग्रजांनी 1947 साली चौकोनी पिनांचा नवा आकार घेतला आणि जुना आपल्याकडे सोडला. उंची टोके बनविणारे परदेशी कारखाने अमेरिकन, जर्मन आणि इंग्रजी आकारांवरच मेहनत घेतात. भारतीय गोल आकार त्यांच्या यादीत क्वचितच आढळतो. परिणामी आपला शौकीन जर्मन शूको पद्धतीचे टोक आणतो, ज्याच्या दोन गोल पिना आपल्या 6 अँपिअरच्या सॉकेटात अंतराने बरोबर बसतात खऱ्या, पण 4.8 मिलिमीटर जाडीच्या असल्याने ढिल्या बसतात, आणि ज्याचे अर्थिंग पिनेत नसून बाजूच्या पत्रीपट्टीत असल्याने ते आपल्या सॉकेटात लागतच नाही. हजारो रुपये खर्चून अर्थिंग तोडण्याचा हा व्यवहार आहे. अमेरिकन चपट्या पात्यांचे टोक आणि सॉकेट भिंतीत बसविणारे तर 125 व्होल्टांसाठी नेमलेल्या वस्तूवर 230 व्होल्ट लादतात. ज्याला परदेशी टोकच हवे असेल त्याने भिंतीतही त्याच जातीचे, 250 व्होल्टांचे सॉकेट लावून घ्यावे आणि अर्थ मिळतो की नाही ते मीटरने पाहावे. त्याहून सोपा माझा सल्ला असा की घरच्या 16 अँपिअरच्या सॉकेटची आणि टॉपची निवड करावी. त्याच्या फेज-न्यूट्रलच्या पिना 7 मिलिमीटर जाडीच्या, पकड घट्ट, आणि सॉकेट चांगल्या कंपनीचे असले की ते वर्षानुवर्षे ढिले होत नाही. पिनटॉप हातात वजनाला भरीव लागतो का, स्क्रू पितळेचे आहेत का, पट्टी दोरीला खरोखर आवळते का, आणि खोचताना बोटाला एकसारखा विरोध जाणवतो का, एवढी परीक्षा दुकानातच करता येते. जुन्या मापाच्या 5 अँपिअरच्या सॉकेटात बळेच जाड पिना कोंबण्याची जी एक खोड आपल्याकडे आहे ती मात्र दंडनीय मानावी.

बऱ्हाणपुरात या सर्वांवर कडी करणारी गोष्ट म्हणजे यंत्रमाग. पेठांच्या गल्ल्यांतून हजारो माग चालतात, त्यांच्या मोटरी एकाच डीपीवर घरांच्या दिव्यांसोबत असतात, आणि माग सुरू-बंद होताना, स्विचच्या ठिणग्यांसह, दाब कित्येक व्होल्टांनी खालीवर होतो. ज्या गावी हा खेळ अहोरात्र चालू आहे तेथे पिनेच्या धातूने वाचविलेल्या व्होल्टच्या तीन हजाराव्या भागाची मिजास काय करावी? ईदेच्या सुटीत माग थांबले की आपल्या घरी गाणे सर्वांत स्वच्छ लागते, असे माग चालविणाऱ्या एका मोमीन मित्राच्या शेजारी राहणाऱ्या सतारवादकाने मला सांगितले, आणि हे ऐकून त्या मित्राने हसत विचारले की भाईजान, आमचा धंदा कायमचा बंद करू का? त्या दिवशी मागांची भिंतीपलीकडून येणारी खटखटही थांबलेली असते, तेव्हा स्वच्छता विजेची की निःशब्दतेची, हे ठरविणे कठीण आहे. मला वाटते, दुसरीचा वाटा मोठा असावा.

दादासाहेबांनी अखेर जे केले ते सांगून हा विषय आवरतो. मुख्य बोर्डापासून दिवाणखान्यापर्यंत 4 चौरस मिलिमीटरची वेगळी तार, तिच्यावर तिचाच एमसीबी आणि 30 मिलिअँपिअरचा गळतीरक्षक स्विच, शेवटी 16 अँपिअरची दोन सॉकेटे, आणि मागील अंगणात कोळसा-मीठ घालून नवा अर्थिंगचा खड्डा, ज्यात उन्हाळ्यात पाणी ओतण्याचे काम नातवाकडे सोपविले आहे. टीव्हीची केबल अँप्लिफायरपासून दूर केली. घुमा गेला, कवचावरच्या झिणझिण्या गेल्या, आणि मंद लयीतील ख्यालात दोन स्वरांमधली पोकळी पूर्वीपेक्षा काळीशार झाली हे मीही ऐकले. रोडियमची जोडी त्यांनी काढून टाकली नाही. तिची शूकोची पिन मात्र बदलून भारतीय टॉप लावला आणि यंत्राकडचे टोक तसेच ठेवले. “ते राहू द्या, शोभतं,” असे ते म्हणाले, आणि यावर वाद घालण्याचे मला कारण दिसले नाही.

आता त्यांच्यापुढे नवा पेच आहे. शेजारच्या गच्चीवर सौर पटले बसली आहेत, त्यांचा इन्व्हर्टर दिवसभर उच्च कंपनांची खरखर तारेवर सोडतो, आणि दुपारी रेडिओ लावला तर ती ऐकू येते. स्वतःच्याही गच्चीवर पटले लावावीत असा मुलाचा आग्रह आहे. मिस्त्रीने सांगितले आहे की इन्व्हर्टर घेताना त्याची गाळणी कशी आहे ते कंपनीला विचारा, त्याचे अर्थिंग वेगळे न ठेवता सगळे खड्डे एकमेकांना जाड पट्टीने जोडून घ्या, आणि सौर तारा गाण्याच्या तारेपासून लांब भिंतीवरून न्या. पश्चिम क्षेत्र वीज वितरण कंपनीकडे नेटमीटरचा अर्ज भरून झाला आहे. तपासणीची तारीख यायची आहे.